बिरादार सरांचा स्फटिक

लातूरला मी ज्या क्लासमध्ये शिकवते तिथे एका प्रश्नाला मिनिटभरही मिळत नाही. मुलं प्रश्न वाचतात, गोल काळा करतात आणि पुढे पळतात. मीही त्यांना पळायलाच शिकवते. पगार त्याचाच मिळतो, आणि खोटं कशाला बोलू, ते मला चांगलं जमतं. पण कधीतरी एखादी मुलगी मध्येच मान वर करून विचारते, "मॅडम, पण हे असं का होतं?" तेव्हा मी खडू खाली ठेवते. बिरादार सर जाऊन आता दोन वर्षं झाली, पण अशा वेळी ते मागच्या बाकावर येऊन बसल्यासारखे वाटतात आणि मला घाई करवत नाही.

मन्मथ बिरादार. नांदेडच्या आमच्या कॉलेजात फिजिक्सचे प्राध्यापक, मूळ गाव देवणीच्या बाजूचं. उंच, हडकुळे, शर्टाच्या खिशात ब्लेडनं टोक केलेल्या दोन पेन्सिली. चाल अशी, की मागून बघणाऱ्याला वाटावं यांच्या डोक्यावर पाण्यानं काठोकाठ भरलेला हंडा आहे. पहिल्या वर्षी आम्ही पोरी त्यांच्या मागून तशाच चालत हसायचो. पुढे मी पीएच.डी.साठी त्यांच्या प्रयोगशाळेत गेले आणि तिसऱ्याच दिवशी माझी चाल तशी झाली. कारण त्या खोलीच्या कोपऱ्यात सरांची भट्टी होती आणि तिला हादरा बसलेला चालत नसे.

भट्टी त्यांनी स्वतः बांधलेली. चिनी मातीचा पाइप, त्याभोवती गुंडाळलेली तार, आणि भिंतीवरच्या जुन्या घड्याळाचं यंत्र. बिस्मथ नावाचा एक जड, ठिसूळ, किंचित गुलाबी झाक असलेला धातू आहे. तो काचेच्या बंद नळीत वितळवायचा आणि घड्याळाच्या यंत्रानं ती नळी भट्टीतून केसाकेसानं खाली सोडायची, म्हणजे धातू टोकाकडून हळूहळू निवत येतो. पुरेसा धीर धरला तर त्याचे सगळे अणू एकाच शिस्तीत बसतात आणि बोटाएवढा एकसंध स्फटिक मिळतो. घाई केली तर नुसता गोळा. सरांनी वीस वर्षं हेच केलं.

त्यामुळे "निवू दे" हे त्यांचं सगळ्यावरचं उत्तर झालं होतं. कॉलेजात दोन प्राध्यापकांची जुंपली, की सर म्हणणार, "निवू दे." विद्यापीठानं परीक्षा पुढे ढकलली, निवू दे. माझं ठरलेलं लग्न मोडलं तेव्हा सगळ्या नातेवाइकांनी मला इतकं समजावलं की मी बेजार झाले. सर फक्त एवढंच म्हणाले, "निवू दे, माय. त्याच्यानंतर बघू काय बनलंय ते." आमच्याकडे पोरीबाळींना मायेनं 'माय' म्हणतात. त्या दिवशी मात्र मला खरंच कुणीतरी डोक्यावरून हात फिरवल्यासारखं वाटलं.

त्यांचे वडील देवणी बैलांचे जाणकार होते. बाजारात खोंड घ्यायचा तर चार गावचे लोक त्यांना घेऊन जात. ते आधी जनावराभोवती तीन चकरा मारत, एक अक्षर बोलत नसत, आणि शेवटी पाठीवरून हात फिरवून मान हलवत. सरांनी ही पद्धत जशीच्या तशी उचलली होती. नळी फोडून स्फटिक बाहेर काढला, की तो टेबलावर ठेवून टेबलाभोवती तीन चकरा. मग हातमोजा घालून उचलायचा, उन्हात धरायचा. "जातिवंत हाय" म्हणाले तर त्या दिवशी सगळ्यांना चहा. बहुतेक वेळा म्हणायचे, "ह्याच्यात कुणीतरी शिरलंय," आणि तुकडा कपाटात जायचा. त्यांनी माझ्याभोवतीही अशा चकरा मारल्या होत्या. मी दाखल झाले तेव्हा पहिला आठवडाभर मला फक्त काचेची भांडी धुवायला लावली आणि सर मागून येरझाऱ्या घालत राहिले.

एवढा खटाटोप कशासाठी, हे ते दर वर्षी एम.एस्सी.च्या वर्गाला एकदा सांगत, आणि तो तास बघायला केमिस्ट्रीची मुलंसुद्धा दाराशी उभी राहत.

"तुमी आता मशीनच बघितली असंल," ते सुरू करत. "आमच्या लहानपणी खळ्यावर मळणी व्हायची. मधी मेढ, तिला बांधलेले बैल, आन् गोल गोल फेरे. इलेक्ट्रॉनचंबी तसंच हाय. मोकळा असला की वाट फुटंल तिकडं जातो. चुंबक लावला की मेढीला बांधला. चुंबकाचा जोर वाढवला की दावं आखूड, फेरा लहान. पर गंमत अशी हाय, का त्याला कुठल्याबी मापाचा फेरा चालत न्हाई. ठरलेल्या मापाचेच फेरे. मधला न्हाई. मग आपण चुंबकाचा जोर वाढवत नेला, का एकेक ठरलेला फेरा येतो आन् जातो, आन् स्फटिकाचा विजेला व्हणारा विरोध चढतो, उतरतो, परत चढतो. कागदावर लाटा उमटतात."

इथे ते थांबत आणि फळ्यावर लाट काढत. मग तिच्या सुरुवातीलाच खडूनं एक ठिपका ठोकत.

"हा खडा. खळ्यात खडा असला, का बैल ठेचकाळला. फेरा पुरा झाला न्हाई. फेरा पुरा न्हाई तर लाट न्हाई. म्हणून स्फटिक साफ पाह्यजे. दुसऱ्या कुण्या धातूचा एक कणबी आत यायला नको."

एकदा एकानं विचारलं, "सर, हे तर जगाला कधीचंच माहीत आहे. मग आपण कशाला परत?"

सर चिडले नाहीत. म्हणाले, "जगाला माहीत हाय. मला पुस्तकातून माहीत हाय. तू पुस्तकातून पोहायला शिकलास तर तुला गोदावरीत सोडू का?"

त्यांना आयुष्यात हवं होतं ते इतकंच. नांदेडला आपल्या भट्टीत बनवलेल्या स्फटिकातली ती लाट आपल्या हातानं कागदावर काढायची. हातानं, कारण कॉम्प्युटरनं काढलेला आलेख ते मानतच नसत. आकडे घ्यायचे, आलेखाचा कागद पसरायचा आणि एकेक ठिपका पेन्सिलीनं ठेवायचा. "डोळा फसतो," म्हणायचे. "हाताला कळतं कुठं चढलं आन् कुठं उतरलं."

पण एवढा जबरदस्त चुंबक आणि स्फटिक गोठवायला द्रवरूप हेलियम नांदेडला कुठून येणार? ती सोय दूर दक्षिणेत एका मोठ्या संस्थेत होती. तिथे अर्ज करायचा आणि नंबर लागायची वाट बघायची. सरांच्या निवृत्तीला आठ महिने राहिले असताना नंबर लागला. दोन दिवस मिळाले. सरांनी तारखेपासून उलटे दिवस मोजले आणि दसऱ्याच्या दिवशी सकाळी नळी भरून भट्टीत गेलीच पाहिजे असं निघालं. ते स्वतः सणाला गावी जाणार होते. म्हणाले, "तू हाईस ना? मग मला फिकीर न्हाई."

आदल्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी प्रत्येक जण आपापल्या हत्याराची पूजा करतो. प्रयोगशाळेत ते काम मारोतीमामांचं. मामा आमचे लॅब अटेंडंट, सरांपेक्षा वयानं मोठे. दर वर्षी ते भट्टीच्या पत्र्याला हळद-कुंकू लावून नारळ फोडायचे. त्या वर्षी नंबर लागल्याच्या आनंदात मामांनी काहीच सोडलं नाही. तराजू, पक्कड, हातोडी, घड्याळाचं यंत्र, आणि नळीत धातू टाकायचा तो लांब चिमटासुद्धा.

दसऱ्याच्या सकाळी मी कुलूप उघडलं तेव्हा सगळी प्रयोगशाळा सजलेली. मला माझ्या गावी, लोह्याला जाणारी दहाची गाडी गाठायची होती. घरी आई पुरण वाटत बसलेली, आत्या आलेली. धातूचे खडे तोलले, चिमटा उचलला आणि बघितलं तर त्याच्या टोकालाच कुंकू. नियम मला पाठ होता: आम्लानं धुवायचा, तीनदा शुद्ध पाण्यातून काढायचा, ओव्हनमध्ये वाळवायचा. दोन तासांचं काम. मी घड्याळाकडे पाहिलं आणि चिमटा रुमालानं पुसला. चांगला दोनदा पुसला. तो चकचकीत दिसला. मग नळी भरली, हवा काढून बंद केली, भट्टीत सोडली, नमस्कार केला आणि दहाची गाडी गाठली.

तीन आठवड्यांनी स्फटिक निघाला. सरांनी तीन चकरा मारल्या, चौथी मारली, आणि म्हणाले, "जातिवंत हाय." मला हायसं वाटलं. म्हटलं, झालं, काही बिघडलेलं नाही. आपल्या शेतातला कापूस स्टीलच्या डब्यात भरून त्यात तो ठेवला आणि सर लहान मूल नेतात तसा डबा पोटाशी धरून रेल्वेत बसले.

पाचव्या दिवशी परत आले. छत्री खुंटीला अडकवली, पिशवीतून आलेखाचा कागद काढला आणि टेबलावर पसरला. पेन्सिलीची रेघ डाव्या कोपऱ्यातून निघाली होती आणि चढत चढत उजव्या कोपऱ्यात गेली होती.

"कुठंच खाली आली न्हाई, माय," सर म्हणाले.

मी "निवू दे" ची वाट बघत होते. ते आलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी भट्टी थंड केली, पत्रा खोलला आणि तार उलगडायला बसले. तासन्‌तास भिंग लावून तार बघायचे. मामांना म्हणाले, "भट्टीतच खोट हाय, मारोती. वीस वर्षं मी खोट्या भट्टीपुढं बसून राहिलो." घरी तो रुमाल तसाच होता, धुऊनही एका कोपऱ्याला फिकट तांबडा डाग राहिलेला. अकरा दिवस मी गप्प बसले. भित्री होते म्हणून गप्प बसले, त्याला दुसरं नाव नाही.

बाराव्या दिवशी सर तार कापायला निघाले तेव्हा मी पुढे झाले आणि सगळं सांगून टाकलं. कुंकू, गाडी, रुमाल.

सरांनी पक्कड खाली ठेवली. "टोकाला होतं का दांड्याला?"

"टोकाला."

"कोरडं पुसलंस का पाणी लावून?"

"कोरडं."

ते उठून उभे राहिले. कुंकवात चुना असतो, रंग असतो, कधीकधी शिसंही असतं, आणि शिशाचा कण म्हणजे बिस्मथच्या खळ्यातला धोंडाच. हे ते माझ्याशी नाही, स्वतःशीच बोलत होते. आणि मग बघता बघता त्यांचा चेहरा फुलला. देवाशपथ सांगते, असा आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर कधी बघितला नव्हता. दाराकडे वळून ओरडले, "मारोती! चहा सांग! भट्टी खरी हाय!"

मी रडायला लागले. सर म्हणाले, "चूक झाली ती निवू दे. पर अकरा दिवस गप्प कामून बसलीस? अकरा दिवस मी ह्या बिचारीवर संशय घेतला. तिची माफी कोण मागायचं?"

मला वाटलं, थट्टा करतायत. थट्टा नव्हती. त्यांनी मला अर्धवट उसकटलेल्या भट्टीपुढे उभं केलं आणि हात जोडायला लावले. शेजारी स्वतः हात जोडून उभे राहिले. चहा घेऊन आलेल्या मामांना काही कळेना. पण दोघं हात जोडून उभे आहेत म्हटल्यावर त्यांनीही कपबशी खाली ठेवली आणि हात जोडले.

मामा गेल्यावर सर हळूच म्हणाले, "त्याला सांगू नको. त्याचं कुंकू खरं हाय. तुझं पुसणं खोटं व्हतं." मामांना ते शेवटपर्यंत कळलं नाही.

सर निवृत्त झाले. भट्टी कुणालाच नको होती, म्हणून रीतसर अर्ज करून ते ती टेम्पोत घालून गावी घेऊन गेले. माझी पीएच.डी. दुसऱ्या एका विषयावर कशीबशी झाली आणि मी लातूरला क्लासमध्ये लागले. महिन्या-दोन महिन्यांतून रविवारी सरांच्या गावी जायचे. पडवीला लागून एक खोली, तिच्यात भट्टी. त्या खोलीत ऊब असते हे सरांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या काकूंनी, पहिल्याच थंडीत हेरलं आणि दह्याचं भांडं भट्टीशेजारी ठेवायला सुरुवात केली. सरांना हे पसंत नव्हतं, पण काकूंपुढे त्यांचं काही चालत नसे. "ये, पर चप्पल काढून, हळू ये," एवढीच अट ते घालू शकले. मग काकूही तशाच हंडा घेतल्यासारख्या चालत आत जात आणि बाहेर आल्या की मला म्हणत, "मास्तरच्या लाटा कवा येतील ते देवाला ठाऊक. माझं दही मात्र लई झ्याक लागतंय."

चार वर्षांनी पुन्हा नंबर लागला. सरांनी मला बोलावून घेतलं. "नळी तूच भरायची."

मी म्हटलं, "सर, तुम्ही भरा. माझा हात..."

"तुझाच," ते म्हणाले, आणि उठून अंगणात लिंबाखाली जाऊन बसले, खोलीकडे पाठ करून. मी चिमटा आम्लात धुतला, तीनदा पाण्यातून काढला, वाळवला, आणि विश्वास बसेना म्हणून सगळं पुन्हा केलं. तीन तास लागले. तेवढ्या वेळात सरांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

स्फटिक निघाला आणि नेमकं त्याच आठवड्यात सरांचं हृदय कुरबुरायला लागलं. डॉक्टरांनी लांबचा प्रवास बंद केला. मी म्हटलं, तारीख पुढे ढकलू. सर म्हणाले, "परत नंबर लागायला चार वर्षं. माझी चार वर्षं कुणी धरून ठेवली हायत? तू जा."

क्लासच्या मालकांनी "मॅडम, सिलॅबस" म्हणून तोंड वाकडं केलं. मी रजा टाकून कापसाचा डबा पोटाशी धरला आणि निघाले.

त्या मोठ्या संस्थेत सगळं काम यंत्रच करतं. स्फटिक आत सोडला, थंड झाला, चुंबकाचा जोर वाढायला लागला. पडद्यावर हिरवी रेघ चढू लागली. चढली, चढली, आणि मग वाकली. वाकून खाली आली, परत चढली, परत खाली. मी तोंडावर हात धरला. तिथला माणूस विचारायला लागला, मॅडम, काही बिघडलं का?

मी बाहेर येऊन सरांना फोन लावला. पहिल्याच रिंगला त्यांनी उचलला.

"काय दिसलं ते सांगू नको," सर म्हणाले. "आकडे वाच. मी कागद पसरून बसलोय."

मी यंत्रानं दिलेले आकडे वाचायला लागले. एक जोर, एक विरोध, की थांबायचं. पलीकडून पेन्सिल टेकल्याचा बारीक आवाज यायचा, मग "हं". मला सगळं माहीत होतं आणि आवाज सपाट ठेवायचा होता. वर्गात शंभर मुलांपुढे बोलणारी मी, पण त्या दिवशी एकेका आकड्यावर बोट ठेवून वाचत होते. मागे वासराच्या गळ्यातली घंटा ऐकू येत होती. काकू कुणाला तरी "गप, मास्तर कामात हाय" म्हणत होत्या. एकोणिसावा आकडा वाचला आणि पलीकडून "हं" आलं नाही.

"सर?"

"थांब. परत सांग."

मी परत सांगितला.

"त्याच्या आदला?"

तोही सांगितला. पलीकडून पुन्हा पेन्सिल टेकल्याचा आवाज आला. मग सर अगदी हळू आवाजात म्हणाले,

"माय, पेन्सिल खाली आली."

मी तिथल्या पायऱ्यांवर बसले आणि रडले. सरांनी मला रडू दिलं, मग म्हणाले, "पुढं वाच." पाचव्या लाटेपर्यंत आम्ही तसेच गेलो. तासाभरानं त्यांचाच फोन आला. चुंबकाच्या जोराचा व्यस्तांक, म्हणजे एक भागिले तो जोर, घेऊन मांडलं, की या लाटांमधली अंतरं सारखी यावी लागतात. तीच त्यांची खरी ओळख. तोही कागद त्यांनी काढला होता. "पट्टी लावून बघितलं," म्हणाले. "अंतरं सारखी हायत. आता निवू दे."

पुढच्याच महिन्यात खंडेनवमी आली. स्फटिक परत द्यायला मी त्यांच्या गावी गेले. अंगणात घोंगडी अंथरून काकूंनी हत्यारं मांडली होती: विळे, कुऱ्हाड, त्यांची विळी, सरांच्या दोन पेन्सिली. भट्टीवर झेंडूची माळ चढली होती. सर खुर्चीत बसले होते, फार वाळले होते. काकू ताट घेऊन फिरल्या आणि म्हणाल्या, "मास्तर, तुमचा चिमटा दिसत न्हाई."

"डब्यात हाय. त्याला दुरूनच नमस्कार."

"सणाच्या दिवशी हत्यार बिनपूजेचं ठेवायचं?"

सरांनी माझ्याकडे बघितलं. स्फटिकाकडे बघायचे तसं, काही न बोलता, पुष्कळ वेळ. मग मान हलवली.

"हिच्या हाताला लाव," ते म्हणाले. "काम तिनं केलंय."

काकूंनी माझा उजवा हात धरला आणि पाचही बोटांना हळद-कुंकू लावलं. मी खाली वाकले तर सर म्हणाले, "ऊठ, ऊठ. गाडीची घाई करू नको. ही गेली तर दुसरी हाय."

तरी ते मला सोडायला फाट्यापर्यंत आले. एस.टी. सुटली तेव्हा मी खिडकीतून मागे पाहिलं. सर परत निघाले होते, त्याच चालीनं, डोक्यावर भरला हंडा असल्यासारखे. त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही. संक्रांतीच्या आत ते गेले.

कंडक्टर आला तेव्हा मी डाव्या हातानं तिकीट काढलं. रुमाल पर्समध्ये होता. लातूर येईपर्यंत उजवा हात मांडीवर उताणा ठेवून मी तशीच बसून राहिले.